ताका कोणी तपासावा?

गेल्या चातुर्मासात येथील आमच्या लहानशा देवळाच्या व्यवस्थापक समितीपुढे एक छापील अहवाल आला. देवळासाठी मोबाइलवर चालणारे एक अ‍ॅप तयार करण्याचे काम समितीने बाहेर दिले होते. अभिषेकाची नोंदणी, नैवेद्याची पावती, देणगी, उत्सवाच्या दिवशीची महाप्रसादाची कूपने, असे सर्व त्यातून व्हावे अशी योजना होती. अहवालात शेकडो चाचण्यांची यादी होती आणि प्रत्येक चाचणीसमोर एक हिरवी खूण होती; तांबडी एकही नव्हती. काम घेणारा तरुण नम्र होता, हुशारही होता. त्याने सांगितले की, ह्या साऱ्या चाचण्या एका रात्रीत झाल्या. माणसाचे बोट फोनला एकदाही लागले नाही. कृत्रिम बुद्धीच्या सहायकाने अ‍ॅप उघडले, बटणे दाबली, रकाने भरले, पावती निघते की नाही ते पाहिले, आणि सर्व काही ठीक असल्याचे लिहून दिले. सभासद थक्क झाले. शेवटचा हप्ता देण्याचा ठराव टिपणवहीत उतरायचाच काय तो बाकी होता.

त्याच संध्याकाळी आम्ही ते अ‍ॅप घरी मावशीच्या हाती दिले. मावशीचे वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. फोनमधील अक्षर तिने होईल तितके मोठे करून घेतलेले. दिवंगत यजमानांच्या तिथीस अभिषेक व्हावा एवढीच तिची इच्छा. तिने नाव लिहिले, गोत्र लिहिले, तिथी निवडली, आणि तेथेच थांबली. ‘पुता, फुडें वचपाक हांगा कांयच दिसना,’ ती म्हणाली. आम्ही पाहिले तो खरोखरच काही दिसत नव्हते. अक्षर मोठे असल्यामुळे ‘पुढे’ हे बटण पडद्याच्या खालच्या कडेच्याही खाली गेले होते, आणि पान वर सरकत नव्हते. मावशीने फोन आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला, चष्मा पुसला, आणि अखेर फोन आमच्या हाती परत देत म्हणाली, ‘म्हाकाच कळना.’

मलाच कळत नाही! दोष बटणाचा, लाज मावशीला. शेकडो हिरव्या खुणांनी जे सांगितले नाही ते ह्या दोन शब्दांनी सांगितले; आणि ह्या दोन शब्दांसाठीच हा लेख लिहिला आहे.

आम्ही गोडादऱ्यात राहतो. सुरत शहराच्या ह्या बाजूस लिंबायत, उधना, डिंडोली, पर्वत पाटिया ह्या वस्त्यांतून खानदेशची माणसे इतकी आहेत की, ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने जळगाव-धुळे-नंदुरबारचा एक तुकडा उचलून येथे आणून ठेवला आहे असेच वाटावे. रस्त्यावर अहिराणी कानी पडते, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत मुले जातात, आणि पहाटेपासून यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. आमची घरची बोली कोंकणी. पोटापाण्यासाठी कापडाच्या व्यवसायात हिशेबनीस म्हणून आयुष्य गेले. त्यामुळे अ‍ॅपच्या ह्या प्रकरणाकडे आम्ही कापडवाल्याच्या दृष्टीने पाहिले, तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. मागावरून शंभरएक मीटरचा ताका उतरला की तो थेट बाजारात जात नाही. तो तपासणीच्या टेबलावर उलगडला जातो. दिव्याखाली एक जाणता माणूस त्यावरून नजर आणि तळहात फिरवतो; कोठे ताणा तुटला आहे, कोठे बाणा सुटला आहे, कोठे तेलाचा डाग पडला आहे, ते हेरतो आणि तेथे खूण करतो. हा माणूस विणणारा नसतो. विणणारा अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. ज्या डोळ्याने बारा तास तोच धागा पाहिला त्या डोळ्याला तोच धागा दिसेनासा होतो म्हणून. (खोट निघाली की तिची भरपाई कारागिराच्या मजुरीतून कापायची, ही चाल मात्र आम्हांस कधीच न्याय्य वाटली नाही, पण तो वेगळा विषय आहे.) ज्याने विणले त्यानेच तपासले आणि त्यानेच ‘पास’ असा शिक्का मारला, असा ताका सुरतेच्या बाजारात कोणी व्यापारी डोळे मिटून घेईल काय? आणि तरीही अ‍ॅपच्या बाबतीत आज नेमके तेच करा म्हणून आम्हांस सांगितले जात आहे.

आमचा भाचा ह्याच व्यवसायात आहे. त्याने एका रविवारी हा सर्व कारभार आम्हांस प्रत्यक्ष दाखविला. तो येथे थोडा विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण समित्यांतील बहुतेक सभासद ‘एआयने तपासले’ ह्या दोन शब्दांपुढे हात जोडून मोकळे होतात.

संगणकाच्या पडद्यावर एक काळी खिडकी असते. तीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. फक्त एकेक ओळ आज्ञा लिहायची आणि यंत्राने ती पाळायची. हिलाच कमांड लाइन म्हणतात. संगणकाला फोन तारेने जोडला, की ‘एडीबी’ नावाच्या साधनाद्वारे त्या फोनला येथून आज्ञा देता येतात. ‘एडीबी शेल इनपुट टॅप’ असे लिहून पुढे दोन आकडे दिले की, पडद्यावर आडव्या-उभ्या मापाने तितक्या अंतरावर बोट टेकल्यासारखा स्पर्श होतो. दुसऱ्या एका आज्ञेने पडद्याचे छायाचित्र मिळते. तिसरीने पडद्यावर काय काय आहे ह्याची लेखी यादी मिळते: अमुक बटण, अमुक जागी, त्यावर अमुक मजकूर. हे काही काल निघालेले नाही. अ‍ॅपियमसारखी स्वयंचलित चाचणीची साधने दहा-बारा वर्षांहून अधिक काळ वापरात आहेत. त्याच्याही आधी, १९८३ साली, मॅकिन्टॉश संगणक तयार होत असताना स्टीव्ह कॅप्स नावाच्या कारागिराने ‘मंकी’ नावाचा एक कार्यक्रम लिहिला होता. तो वाटेल तेथे वाटेल तशी बटणे दाबत सुटे आणि संगणक कोठे कोसळतो ते पाहिले जाई. अँड्रॉइडमध्येही ह्याच नावाचे साधन आहे. त्या माकडाचे एक बरे होते. आपल्याला सर्व समजते असा त्याचा दावा नव्हता आणि तो प्रमाणपत्रे लिहीत नव्हता.

नवीन झाले ते एवढेच की, ह्या आज्ञा लिहिणारा हात आता माणसाचा राहिला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक पद्धत जाहीर केली. कृत्रिम बुद्धीच्या सहायकाने बाहेरच्या साधनांशी कसे बोलावे ह्याचा तो एक सर्वमान्य होत गेलेला रिवाज म्हणता येईल. पुढच्याच वर्षी अनेक कंपन्यांचे सहायक थेट काळ्या खिडकीत येऊन बसले. आता माणूस साध्या भाषेत सांगतो, ‘अभिषेकाची नोंदणी होते का पाहा,’ आणि सहायक पडद्याची यादी मागवितो, बटण शोधतो, दाबतो, पुन्हा यादी मागवितो, चुकले तर दुसरा मार्ग धरतो. भाच्याच्या घरी आम्ही हे पाहिले तेव्हा फोन टेबलावर एकटा पडला होता आणि त्याचा पडदा आपोआप बदलत होता. आश्चर्य वाटले, हे आम्ही लपवीत नाही.

आणि ह्यात उपयोगाचे काहीच नाही असेही आमचे म्हणणे नाही. तेच बटण दिवसातून शंभर वेळा दाबून पाहणे हे काम पुण्या-बंगळूरच्या कितीतरी तरुणांनी वर्षानुवर्षे केले आहे, आणि ज्यांनी केले त्यांतील फारच थोडे त्याबद्दल प्रेमाने बोलतात. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, रात्री काम करते. पाच निरनिराळ्या आकारांच्या पडद्यांवर तीच तपासणी ते निमूटपणे करील. तळहाताचे जे काम ओझ्याचे होते ते यंत्राने उचलले तर कोणी रडू नये. आमचा आक्षेप श्रमाला नाही, साक्षीला आहे. यंत्राने काम करावे, पण ‘हे लोकांना वापरता येते’ अशी साक्ष लोकांच्या वतीने यंत्राने देऊ नये, आणि दिली तर समित्यांनी ती मानू नये.

का मानू नये, ते आता पाहू.

पहिली गोष्ट. पडद्याची जी यादी सहायक वाचतो ती पडदा नव्हे. आमच्या अ‍ॅपमध्ये एका अरुंद चौकटीत ‘महाप्रसादासाठी नोंदणी करा’ असा मजकूर होता. डोळ्याला दिसत होते ते ‘महाप्रसादासाठी नों’ आणि पुढे तीन टिंबे. यादीत मात्र संपूर्ण वाक्य व्यवस्थित होते, कारण यादीला अ‍ॅपच्या पोटातील मजकूर मिळतो, काचेवर उमटलेला नव्हे. यंत्राने यादी वाचली आणि हिरवी खूण केली. ते खोटे बोलले नाही. त्याने पाहिलेच नाही. छायाचित्र काढून ते पाहण्याची सोयही त्याला असते, परंतु यादी स्वस्त आणि झटपट, म्हणून बहुधा तीच वाचली जाते.

दुसरी गोष्ट आपल्या भाषांची. फोनमध्ये मजकूर भरण्यासाठी एडीबीची जी सर्वांत साधी, सर्वांत प्रचलित आज्ञा आहे, तिला देवनागरी पेलत नाही. रोमन अक्षरे ती बिनबोभाट पोचविते. ‘क’ दिला की अडखळते. वेगळा कळफलक बसवून किंवा दुसऱ्या साधनांच्या आडवाटेने ही अडचण दूर करता येते, हे खरे. पण ज्याला काम उरकायचे आहे तो आडवाट कशाला धरील? म्हणून चाचणीच्या भक्ताचे नाव इंग्रजी, गोत्र इंग्रजी, गाव इंग्रजी. ‘कौंडिण्य’ लिहिल्यावर पावतीवर काय छापले जाते, ‘ज्येष्ठ’ ह्या शब्दाची वरची मात्रा चौकटीच्या कडेला कापली जाते काय, ‘हृषीकेश’ नावाचे काय होते, हे त्या शेकडो चाचण्यांपैकी एकीनेही विचारले नव्हते. मराठी आणि कोंकणी वाचकांसाठी चाललेल्या देवळाचे अ‍ॅप अशा भक्ताने तपासले, ज्याला ना मराठी येते ना कोंकणी. ज्या कोंकणीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायला १९९२ साल उजाडावे लागले, तिला ह्या काळ्या खिडकीत जागा मिळायला किती वर्षे लागतील कोण जाणे.

तिसरी गोष्ट आम्हांस अधिक झोंबली. मावशीला जे बटण दिसले नाही, तो दोष यंत्राला सापडण्याजोगा नव्हता काय? होता! भाच्याने आमच्यासमोर एक ओळ लिहिली आणि जोडलेल्या फोनमधील सर्व अक्षरे एका क्षणात मोठी झाली. अँड्रॉइडच्या २०२३ साली आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून अक्षरे मूळच्या दुप्पट आकारापर्यंत वाढविता येतात, आणि ती वाढविण्याची आज्ञा अर्ध्या ओळीची आहे. ती दिली असती तर सहायकाला बटण सापडले नसते, आणि तांबडी खूण आपोआप उमटली असती. मग ती का दिली गेली नाही? कारण ती देणाऱ्याला मावशी ठाऊक नव्हती. यंत्र जे विचाराल ते तपासते. काय विचारायचे हे ज्याच्या घरात मोतीबिंदू झालेली, गोत्र सांगणारी, फोन काखेत धरून देवळात येणारी म्हातारी आहे त्यालाच सुचते. हिरव्या खुणांची यादी ही अ‍ॅपच्या गुणांची यादी नसते. ती विचारणाऱ्याच्या कल्पनाशक्तीची मोजणी असते, आणि आमच्या कंत्राटदाराची कल्पनाशक्ती पंचवीस वर्षांच्या, तल्लख डोळ्यांच्या, इंग्रजीत नाव लिहिणाऱ्या माणसापाशी संपत होती.

ह्यावर एक उत्तर आम्हांस ऐकविण्यात आले. ‘त्यात काय, सहायकालाच सांगू की, तू आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची वृद्धा आहेस असे समज!’ नाटकात म्हातारीची भूमिका करणाऱ्याला मोतीबिंदू होत नाही, एवढेच आम्ही म्हणालो. सहायक हळू चालण्याचे सोंग आणील. थरथरणाऱ्या अंगठ्याने एकाऐवजी दोनदा दाबले गेलेले बटण, तिर्थाने ओला झालेला पडदा, देवळाच्या तळघरासारख्या भोजनशाळेत गेलेले नेटवर्क, ह्यांचे सोंग तो आपणहून आणील असे नाही. पुष्कळदा तर तेथे फोनसुद्धा खरा नसतो. संगणकाच्या पोटात चालविलेला नकली फोन असतो, त्याला ना घाम, ना ऊन.

आता ज्याच्यामुळे ही यादी मुळात अस्तित्वात आली त्याची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती महाराष्ट्राशी निगडित आहे आणि फारशी कोणास ठाऊक नाही. पडद्यावरील बटणांची लेखी यादी फोन का बाळगतो? यंत्रांसाठी नव्हे. ज्यांना डोळे नाहीत त्यांच्यासाठी. पडद्यावर काय आहे ते फोनने बोलून सांगावे, ही व्यवस्था अँड्रॉइडमध्ये २००९ साली ‘टॉकबॅक’ ह्या नावाने आली, आणि तिच्या मागे जे लोक होते त्यांत टी. व्ही. रामन हे प्रमुख होते. रामन पुण्यात वाढले. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणित, मग मुंबईची आयआयटी, मग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास. १९९० च्या दशकात त्यांनी स्वतःसाठी आणि इतर अंधांसाठी ‘ईमॅकस्पीक’ हा बोलणारा संगणकमार्ग तयार केला. चित्रांच्या खिडक्या आंधळ्याला निरुपयोगी. आज्ञेची ओळ आणि तिचे बोललेले उत्तर मात्र त्याला पुरते. म्हणजे ज्या वाटेने आज कृत्रिम बुद्धीचे सहायक दिमाखाने चालत आहेत ती वाट एका अंध पुणेकराने आणि त्याच्यासारख्यांनी काठीने चाचपडत तयार केलेली आहे.

ही वाट चालू राहण्यासाठी अ‍ॅप करणाऱ्याने एकच काम करायचे असते: प्रत्येक बटणाला नावाची चिठ्ठी लावायची. चित्राच्या बटणावर ‘देणगी’, ‘मागे जा’, ‘पावती’ असे दोन शब्द लिहून ठेवायचे, की टॉकबॅक ते वाचील. हे दोन शब्द लिहावेत म्हणून अंधांच्या संस्था वर्षानुवर्षे विनवण्या करीत आल्या. उत्तर ठरलेले: वेळ नाही, पैसे नाहीत, पुढच्या आवृत्तीत पाहू. आता मात्र सहायकाला बटण सापडावे म्हणून चिठ्ठ्या धडाधड लागत आहेत! माणसासाठी जे अशक्य होते ते यंत्रासाठी एका आठवड्यात शक्य झाले. ह्याला आम्ही काय म्हणावे? आणि चिठ्ठीवर लिहिलेले काय? ‘बीटीएन सबमिट टू.’ चाचणी लिहिणाऱ्याला ओळखण्यास सोपे पडावे म्हणून ठेवलेले हे नाव अंधांसाठी राखलेल्या जागेतच भरण्याची खोड ह्या धंद्यात जुनी आहे. परिणाम असा की, देवळाला देणगी देऊ पाहणाऱ्या अंध भक्ताच्या कानात फोन गंभीरपणे ‘बीटीएन सबमिट टू’ असा मंत्र म्हणतो. सहायकाला मात्र बटण बरोबर सापडते. हिरवी खूण.

चौथी गोष्ट ताक्याची. आज अ‍ॅप लिहितो तो सहायक, चाचण्या लिहितो तोच, त्या चालवितो तोच, आणि अहवालही तोच लिहितो. कारागीर, तपासनीस आणि शिक्का मारणारा एकाच देहात. बरे, चाचणी नापास झाली तर ती पास करण्याचे दोन मार्ग असतात: अ‍ॅप सुधारणे, किंवा चाचणी सैल करणे. दुसरा मार्ग सोपा असतो. सहायक कधीकधी तो पत्करतात, चाचणीपुरतेच बरोबर उत्तर लिहून मोकळे होतात, ही कबुली हे सहायक तयार करणाऱ्या कंपन्यांनीच आपल्या अहवालांत दिलेली आहे. आम्ही त्यात द्वेषबुद्धीने काही घालीत नाही. जेथे मोबदला हिरव्या खुणेला आहे तेथे हिरवी खूणच पिकणार. माणसांच्या शाळांतही हे आपण पाहिलेले आहे.

आणखी एक, ओझरते. फोनला अशा आज्ञा देता याव्यात म्हणून त्याचे एक कुलूप उघडे करावे लागते. देवळाच्या ज्या फोनवर देणगीदारांची नावे, दूरध्वनी आणि बँकेचे अ‍ॅप आहे, तो फोन चाचणीसाठी कोणी मागितला तर समितीने स्पष्ट नकार द्यावा. पडद्यावर दुसऱ्याने लिहून ठेवलेला मजकूर सहायक आज्ञा समजून पाळू शकतो, हा धोका आता सर्वज्ञात आहे. आणि भक्तांच्या माहितीची राखण ही २०२३ च्या कायद्याने आपल्याही गळ्यात पडलेली जबाबदारी आहे. चाचणीला वेगळा, रिकामा फोन असावा. ह्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, एका म्हातारीचे एक बटण. त्यासाठी एवढा आटापिटा? त्यांनी ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. प्रज्ञा प्रसून ह्या आम्लहल्ल्यातून वाचलेल्या महिला. बँकेत खाते उघडण्यासाठी २०२३ साली त्या गेल्या असता, आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असे त्यांना सांगण्यात आले. हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रीने पापणी कशी मिटावी? यंत्राच्या दृष्टीने त्या जिवंत नव्हत्या! ते अ‍ॅपही कोणीतरी तपासलेले असणारच, त्याही अहवालात खुणा हिरव्याच असणार. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला, वीस निर्देश दिले, आणि त्यांत एक निर्देश आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे: अशा संस्थांनी नवे अ‍ॅप किंवा नवी सोय आणताना तिच्या अंतिम चाचणीत अंध व्यक्तींना सहभागी करून घ्यावे. अंधांचे सोंग घेणाऱ्या यंत्राला नव्हे; अंध व्यक्तींना. त्याच्या काही महिने आधी, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजीव रातुरी ह्यांच्या खटल्यात ह्याच न्यायालयाने २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी न राहता बंधनकारक असावेत असे बजावले होते. बँकांसाठीचे निर्देश देवळांना लागू नाहीत, असे आमच्या समितीतील वकील सभासदांनी लगेच सांगितले. बरोबर आहे. पण बँकेने ज्याला आत घेतलेच पाहिजे त्याला देवळाने बाहेर ठेवले तर चालते, असा शास्त्रार्थ कोणत्या पोथीत आहे?

देवळांनी पूर्वी पायऱ्यांना कठडे लावले, वृद्धांसाठी बाजूने उतरण बांधली, दर्शनाच्या रांगेत बाके ठेवली. हे कोणत्या अहवालावरून केले? पुजारी आणि कारभारी रोज दारात उभे असत आणि कोण धापा टाकतो ते त्यांना दिसत असे. अ‍ॅपच्या दारात कोणी उभे नाही. तेथे धापा टाकणारा भक्त कोणालाच दिसत नाही. तो फोन मिटतो, ‘मलाच कळत नाही’ म्हणतो आणि निघून जातो. ‘लोक तक्रार करतील तेव्हा सुधारू’ असे म्हणणारे हे विसरतात की, ज्याला तक्रारीचे बटण दिसते त्याला बहुधा दुसरी बटणेही दिसतातच.

म्हणून आम्ही समितीपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. एकादशीच्या दिवशी सकाळी मंडपात सतरंजी घालावी, येणाऱ्यांपैकी जे राजी असतील त्यांच्या हाती त्यांचाच फोन द्यावा, आणि ‘ह्यातून अभिषेक नोंदवा’ एवढेच सांगून गप्प बसावे. शिकवू नये, बोट पुढे करू नये. कोठे हात थांबतो तेवढे लिहून घ्यावे. त्यांत निदान एक व्यक्ती अंध असावी, एक केवळ कोंकणी वाचणारी, एक लूमवरून थेट आलेला खानदेशी भाऊ, ज्याच्या बोटांना तेल आहे. पुढे त्यांना जेथे जेथे अडले त्या प्रत्येक जागेची चाचणी यंत्राला लिहून द्यावी आणि ती त्याने खुशाल रोज रात्री, शंभर वेळा, न थकता करावी. अ‍ॅपमधील प्रत्येक चिठ्ठी मराठीत आणि कोंकणीत लिहून ती एकदा टॉकबॅकने मोठ्याने वाचवून ऐकावी. हे सर्व होईपर्यंत शेवटचा हप्ता रोखावा.

कंत्राटदार तरुणाने प्रस्ताव ऐकून वाईट मानले नाही. ‘काका, हे आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते,’ असे तो म्हणाला, आणि त्यात तथ्य आहे. समितीतील दोघा सभासदांचे मत मात्र असे की, अहवाल हिरवा असताना पैसे अडविणे बरे दिसत नाही, आणि एकादशीला मंडपात फोन घेऊन बसणे त्याहून बरे दिसत नाही. मतदान पुढील सभेत आहे. मावशीचा अभिषेक तूर्त पुजाऱ्यांच्या वहीत पेन्सिलीने लिहून घेतला आहे.